झुंबरबाईची विजेची शेगडी

झुंबरबाई ओरडत असली की आळीत सगळं ठीक चाललंय असं आम्ही समजत असू. ती हळू आवाजात बोलायला लागली, की मात्र माणसं गुपचूप आपापल्या घरात शिरत आणि दार लोटून घेत. कारण तिचा खरा राग हळू आवाजात यायचा.

आमची आळी लोणावळ्याच्या बाजारामागची, पत्र्याच्या घरांची. झुंबरबाई तिथं आली ती पवन मावळातल्या काले गावाहून, लग्न होऊन. नवरा अंबाजी रेल्वेत, घाटातल्या गँगवर. रुळाखाली खडी ठासायची, दरड आली की उपसायची, आणि हे सगळं बहुतेक पावसात. त्या पावसानं त्याचे गुडघे खाल्ले. पुढं पुढं तर जिना उतरायचा म्हटलं तरी तो आधी देवाचं नाव घ्यायचा, म्हणून गँगवरचं काम सुटलं. मग झुंबरबाई खंडाळ्याला एका गोऱ्या बाईच्या बंगल्यावर कामाला जाऊ लागली. डॉसन मेम म्हणायचे तिला. झाडलोट, अंथरुणं, मेमच्या दोन कुत्र्यांची आंघोळ, सगळं झुंबरबाईकडे. कुत्री मेमचं ऐकत नसत, झुंबरबाईचं ऐकत. मेमसुद्धा बहुतेक झुंबरबाईचंच ऐकायची.

अंबाजीचा धाकटा भाऊ कोंडाजी वीज कंपनीत तारा ओढायच्या कामावर होता. त्याची बायको कस्तुराबाई सकाळची बाजारात भाजी घेऊन बसायची. दोघी जावा आधी एकाच चुलीवर रांधायच्या. बिनसलं ते कामशेतच्या एका लग्नात. पुरणपोळ्यांचं काम झुंबरबाईनं अंगावर घेतलं होतं. पंगत बसली, आणि कस्तुराबाई शेजारणीला म्हणाली, "पोळी लय झ्याक हाय. फकस्त तोडायला कुऱ्हाड द्या म्हनावं."

पंगत हसली. वाढता वाढता झुंबरबाई थांबली. तिनं कस्तुराबाईच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि अगदी हळू म्हणाली, "ही शेवटची. आजपास्नं तुजं-माजं बोलनं बंद."

आणि खरोखरच बंद झालं. घरी आल्यावर तिनं दोघा भावांना मधोमध आडोसा घालायला लावला. रेल्वेच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी ठोकल्या. फळ्यांवरची इंग्रजी अक्षरं कुठं उलटी, कुठं आडवी. हा आडोसा माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, पण आढ्यापर्यंत काही पोचला नाही. त्यामुळे माणसं तेवढी वेगळी झाली. फोडणीचा वास, शिंका, भांडणं आणि मांजर ही पूर्वीसारखीच इकडून तिकडे जात राहिली.

झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. कस्तुराबाईला एकच मुलगी, नंदा. ती दोन्हीकडे जेवायची आणि निरोपही तीच न्यायची. "आयला सांग, मांजर आवर." "थोरल्या आयला सांग, मांजर तिचंच हाय." नंदा लग्न होऊन तळेगावला गेली आणि निरोप नेणारं कोणी उरलं नाही. तेव्हापासून दोघी आपापल्या नवऱ्याशी मोठमोठ्यानं बोलू लागल्या. झुंबरबाई अंबाजीला म्हणायची, "काही लोकांनी पानी सांडताना बघावं! आमच्या बाजूला ओघळ येतुया!" अंबाजी शेजारीच बसलेला असायचा. तो म्हणायचा, "अगं, मला कशाला सांगतीस?" मग त्यालाही ऐकून घ्यावं लागायचं.

भावाभावांचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं. हौशीरामच्या चहाच्या दुकानात दोघे रोज भेटायचे, एका बशीत चहा ओतून अर्धा अर्धा प्यायचे, आणि घरी येताना एक जण आधी निघायचा, दुसरा थोडा मागं रेंगाळायचा.

मग कोंडाजीच्या बाजूला वीज आली. कंपनीचाच माणूस तो, बिलातही त्याला सवलत. त्यानं थोरल्याच्या बाजूलाही एक दिवा काढून द्यायचं ठरवलं. झुंबरबाई अंबाजीला म्हणाली, "सांगा त्यांना, आमच्यात उजेड हाय." यावर पलीकडून कस्तुराबाई कोंडाजीला म्हणाली, "जिच्या नावातच झुंबर, तिला दिवा कशाला?" झालं. दिव्याचा विषय तिथंच मिटला. तेव्हापासून कस्तुराबाई भर दुपारीसुद्धा दिवा लावून ठेवायची. आडोशावरून त्याचा उजेड झुंबरबाईच्या चुलीपर्यंत यायचा. झुंबरबाई त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायची.

जर्मनची दुसरी लढाई संपली, त्याच्या पुढच्या वैशाखात डॉसन मेम विलायतेला परत जायला निघाली. बंगल्यातलं सामान वाटायला काढलं. झुंबरबाईला तिनं समोर बोलावलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, यातलं काय हवं ते घे. आरशाचं कपाट होतं, वेताची आरामखुर्ची होती, चिनी मातीची कपबशी होती. झुंबरबाईनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं मेमची विजेची शेगडी होती. लोखंडी पायावर तांब्याची चकचकीत परात उभी केलेली, परातीच्या मधोमध पांढऱ्या मातीचा कोन, त्याच्याभोवती तारेची वेटोळी, आणि पुढं जाळी. पावसाळ्यात मेम तिच्यापुढं पाय करून बसायची. तेव्हा झुंबरबाईला दर वेळी अंबाजीचे गुडघे आठवायचे.

मेमनं विचारलं, "झूमर, तुम्हारे घर में बिजली है?"

"है," झुंबरबाई म्हणाली.

हे खोटं नव्हतं. घरात वीज होती. घराच्या अर्ध्या भागात होती एवढंच.

शेगडी लुगड्याच्या फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन ती खंडाळ्याहून चालत आली. आळीत शिरताना मात्र तिनं फडकं सोडलं. वैशाखाचं ऊन तांब्यावर पडलं आणि जो तो डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. शेजारची शालूबाई धावत आली.

"अगं बया! ह्यात काय मळायचं?"

"मळायचं न्हाई. शेकायचं."

"मंग पेटवून दाव की."

"वैशाखात कोन शेकतं, शाले? थंडी पडू दे."

थंडी पडेपर्यंत झुंबरबाईनं ती शेगडी फळीवर मांडली. रोज चिंचेनं घासायची. आळी तिला "मेमची परात" म्हणू लागली. बायका येऊन तिच्यात तोंड बघून कुंकू नीट करून जायच्या. अंबाजी संध्याकाळी तिच्यासमोर गुडघे उघडे टाकून बसायचा. हौशीरामनं एकदा विचारलं, "आरं, वीज न्हाई तर ती तापती कशी?" अंबाजी म्हणाला, "तापत न्हाई. पन तिच्याकडं बघून थोडं बरं वाटतंय."

आषाढ लागला. लोणावळ्याचा आषाढ ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. मिठाचं पाणी झालं. काडेपेटीची काडी ओढली की गुल निघून भिंतीला चिकटायचा. धुतलेली धोतरं वाळायच्या ऐवजी कुजायची. अंबाजीच्या वहाणांवर हिरवी बुरशी आली. ती पुसली की संध्याकाळपर्यंत परत यायची. कोळसा मिळायचा तो ओला, आणि ओला कोळसा साध्या शेगडीत ऊब कमी नि धूर जास्त द्यायचा. अंबाजीला उठताना आता दोन्ही हातांनी भिंत धरावी लागे. झुंबरबाई मीठ गरम करून पुरचुंडीनं शेकायची, पण मिठाचंच पाणी झालेलं, शेकायचं कशानं?

शेगडी फळीवर चकाकत होती. वीज आडोशापलीकडे होती. मध्ये कामशेतची पुरणपोळी होती.

शेवटी अंबाजीनं हौशीरामच्या दुकानात कोंडाजीपाशी तोंड उघडलं. कोंडाजी म्हणाला, "दादा, तार टाकायला मला पान खाण्याइतका येळ लागंल. पन वैनीला सांगायचं का?"

"न्हाई."

"मंग हिला?"

"येडा का खुळा तू? कुनालाच न्हाई."

एक दिवस सकाळी झुंबरबाई कामावर गेली. मेम गेल्यावर तिनं जवळच दुसरा बंगला धरला होता. कस्तुराबाई बाजारात होती. कोंडाजीनं आढ्याच्या वाशावरून तार नेली, काजळीत ती दिसेनाशी झाली, आणि दोन फळ्यांच्या फटीतून थोरल्याच्या बाजूला सोडली. शेगडी खाली उतरवली. अंबाजी भिंतीला टेकून, धोतर मांडीपर्यंत खोचून तयार होता.

वेटोळी आधी काळीच राहिली, मग तांबूस झाली, मग लाल. तांब्याच्या परातीतून ऊब अशी अंगावर आली, की अंबाजीनं डोळे मिटले.

"दादा, भाजलं का?" कोंडाजी घाबरून म्हणाला.

"कोंड्या," अंबाजी डोळे न उघडता म्हणाला, "तू आता जा. मला कुनाशी बोलायचं न्हाई."

त्या दिवसापासून झुंबरबाई बाहेर गेली की अंबाजी शेगडी लावायचा, आणि ती यायच्या सुमाराला बंद करून परत फळीवर ठेवायचा. कस्तुराबाई दुपारी बाजारातून यायची, तेव्हा तिचा दिवा मलूल झालेला असायचा. शेगडी एवढी वीज ओढायची, की दिव्याला उरायची ती जेमतेम. ती कोंडाजीवर उखडायची, "कसली तुमची कंपनी! माजा दिवा आजाऱ्यावानी दिसतुया!" कोंडाजी गंभीरपणे सांगायचा, "पावसानं वीज पातळ झालीया."

झुंबरबाईला चाहूल लागली ती अंबाजीच्या धोतरानं. सबंध लोणावळ्यात त्या आठवड्यात कोणाचं धोतर वाळत नव्हतं, आणि तिच्या नवऱ्याचं कुरकुरीत होतं. शिवाय तो भिंत न धरता उठला. तिनं खोलीभर नजर फिरवली. चूल गार, कोळशाच्या शेगडीत राख नाही. मग तिनं फळीवरच्या परातीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"ही गरम कशी?"

"ऊन पडलं हुतं," अंबाजी म्हणाला.

"आषाढात?"

"जरासं."

तिनं शेगडीची मागची बाजू बघितली, मग भिंत, मग फट, मग वर वाशाकडे. आणि तिचा आवाज खाली गेला. पण पलीकडे कस्तुराबाई चुलीपाशी होती. म्हणून त्या दिवशीचं भांडण कुजबुजतच झालं. आणि फार वेळ कुजबूज ऐकू गेली तर पलीकडे संशय येईल, म्हणून मधून मधून दोघे मोठ्यानं इकडचं तिकडचं बोलत.

"चोरीची वीज? माज्या घरात? तिच्या घरची?" झुंबरबाई दातांतून म्हणाली.

"चोरी कसली? माज्या सख्ख्या भावाची—"

"आवं, आज वांगी लय म्हाग झालीत!" तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि परत कुजबुजली, "मी जल्मात कुनाची काडी उचलली न्हाई. मेमच्या घरी सोन्याचं घड्याळ उघडं पडायचं."

"वांगी नगंच आनूस!" अंबाजी ओरडला. मग हळूच, "काडतो तार. आत्ता काडतो." आणि तो तार काढायला उठला.

उठला तो सरळ, एका झटक्यात. कित्येक वर्षांनी तिनं त्याला असा उठताना बघितलं. तो तारेकडे हात नेत होता, तर तिनं त्याचा हात धरून खाली घेतला.

"बसा," ती म्हणाली. "बसा हितंच. मी बगते काय करायचं ते."

तिनं काय करायचं ठरवलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. फुकटचं ती घेणार नव्हती, आणि बोलणारही नव्हती. तिनं वाटीभर कुळथाचं पिठलं केलं, आणि कस्तुराबाईच्या उंबऱ्यावर वाटी ठेवून मागं न बघता परत आली.

कस्तुराबाईला तारेचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं दार उघडलं, तर उंबऱ्यावर वाफाळतं पिठलं. वाटी तिच्या ओळखीची होती, दोघी एकत्र होत्या तेव्हाची. तिनं शालूबाईला हाक मारून दाखवली. "हे काय असंल गं?"

"पिठलं दिसतंय," शालूबाई म्हणाली.

"ते मलाबी दिसतंय. पन का?"

शेवटी कोंडाजीनं ते खाल्लं. कस्तुराबाई संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे निरखून बघत राहिली. त्याला काही झालं नाही, उलट भूक लागली. आता प्रश्न वाटीचा आला. कोणाची वाटी रिकामी परत करायची नाही, हे तर तिला आईनं शिकवलेलं. तिनं वाटीत अळूची वडी घातली आणि झुंबरबाईच्या उंबऱ्यावर ठेवली.

झुंबरबाईनं वडी बघितली आणि ती वैतागली. एका दिवसाच्या विजेची फेड केली होती, ती परत अंगावर आली. आता वीज आणि वडी दोन्हींचं देणं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं मोठी वाटी काढली आणि खरवस पाठवला. कस्तुराबाईनं वाटीच्या जागी तांब्या घेतला. वाटी गेली, तांब्या आला, तांब्याचं पातेलं झालं. कुरडया, शेवग्याच्या शेंगा, खेकड्याचा रस्सा, नाचणीची आंबील, काय काय त्या दोन उंबऱ्यांवरून फिरलं. दोघी बायका दमून गेल्या. दोघे भाऊ मात्र अंगानं भरले. हौशीराम म्हणाला, "तुमी दोघं चहाबरोबर आता बटर खात न्हाई. बरं न्हाई का?" अंबाजी म्हणाला, "पोटात जागा कुटं हाय?"

बोलणं मात्र अजूनही नव्हतं.

श्रावणाच्या तोंडाशी नंदाबाई बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. अंगानं बारीक, पण आवाज मोठा. झुंबरबाईनं पहिला ट्यँहा ऐकला आणि अंबाजीला म्हणाली, "आवाज माज्यावर गेलाय." ती दारात जाऊन उभी राहिली. पण कोणी बोलावलं नाही, म्हणून परत आली. नंतर ती रोज बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीवाची खीर उंबऱ्यावर ठेवू लागली. आतून नंदाबाईचा आवाज यायचा, "आय, थोरल्या आयला आत बोलीव की." त्यावर कस्तुराबाई नुसती भांडी आपटायची.

बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची रीत. पण ओल्या कोळशाचा धूर खोलीत कोंडायचा आणि बाळ ठसकायचं. शेगडी बाहेर काढली की ते गारठून शिंकायचं. आडोशाच्या अलीकडे झुंबरबाई ते ऐकत बसायची. ठसका आला की तिचा हात भाकरीवर थांबायचा. शिंक आली की ती अंबाजीकडे बघायची, जसं काही त्यानंच शिंक दिली.

एक दिवस दुपारी बाळ सारखंच शिंकू लागलं. अंबाजी शेगडीपुढं गुडघे टाकून बसला होता. झुंबरबाई उठली, तिनं शेगडी त्याच्यापुढून उचलली आणि आडोशाकडे तोंड करून फळ्यांपाशी ठेवली.

"अगं, माजं गुडगं?"

"तुमचं गुडगं जुनं झालं. ते पोर नवं हाय."

"पन मधी फळी हाय की!"

"फळी तापंल, मंग पलीकडं ऊब जाईल. चुलीवरचा तवा तापतो का न्हाई?"

अंबाजीला हे पटलं. तोही फळीला हात लावून बघू लागला, तापली का, तापली का. फळी तापली. थोड्या वेळानं चांगलीच तापली. मग तिच्यावरची इंग्रजी अक्षरं तपकिरी झाली, आणि खोलीत एक करपट वास सुटला.

पलीकडे कस्तुराबाई आडोशाला टेकून लसूण सोलत होती. पाठीला ऊब लागली म्हणून ती आधी सुखावली. मग पाठ भाजली. तिनं वळून बघितलं तर फटीतून लाल उजेड आणि धुराची रेघ.

"आग! आग! आग लागलीया!"

पाण्याचा हंडा जवळच होता. ती ट्रंकेवर चढली, हंडा आडोशावर टेकवला आणि पलीकडे उपडा केला. चर्र झालं, फाट्कन आवाज झाला, तिचा दिवा विझला, आणि अंबाजी नखशिखांत भिजून "मेलो!" म्हणून ओरडला. पाणी बहुतेक त्याच्याच अंगावर गेलं होतं. कस्तुराबाईनं आडोशावरून वाकून बघितलं, खाली थोरला दीर निथळताना दिसला, आणि तिनं हंडा तसाच सोडून आधी डोक्यावर पदर ओढला.

"आग न्हाई गं बये!" झुंबरबाई किंचाळली. "शेक हाय, शेक!"

इतक्या वर्षांत ती कस्तुराबाईला उद्देशून बोलली, ते हे पहिले शब्द.

"कसला शेक? माजं घर जाळतीस व्हय?"

"जाळंन कशाला? आनि घर तुजं एकटीचं हाय का?"

"ही तार कसली? अगं बाई, ही तर माज्याच वाशावरनं आलीया! माजी वीज!"

"तुजी वीज, पन शेगडी कुनाची? मेमनं मला दिलीया!"

"म्हंजे माज्याच विजेनं माजाच आडोसा पेटवलास!"

"आडोसा कुटं पेटवला? तुज्याच नातवाला शेकत हुते मी!"

कस्तुराबाई ट्रंकेवर उभीच राहिली. मग तिनं दुसरंच विचारलं.

"आनि ते पिठलं?"

"विजेचं."

"खरवस?"

"त्यो बी विजेचाच. फुकटचं मला पचत न्हाई."

"आन् मी येडी, रोज इचार करत बसले, हिला झालंय तरी काय!" कस्तुराबाईच्या आवाजात राग होता की हसू, हे आळीत जमलेल्या कोणालाच नीट कळलं नाही. "अगं बाई, तोंडानं सांगायचं हुतं की!"

"तोंड कुटं हुतं आपल्यात?"

मग दोघींनी भांडायला सुरुवात केली. ते भांडण म्हणजे इतक्या वर्षांचं साठलेलं. मांजर निघालं, पाण्याचा ओघळ निघाला, झुंबर आणि दिवा निघाला, कामशेतची पोळी निघाली. कस्तुराबाई म्हणाली, पोळी खरंच कडक होती. झुंबरबाई म्हणाली, होतीच, कणीक कस्तुराबाईनं मळली होती! हे कस्तुराबाईला आठवत नव्हतं, पण नंदाबाईला आठवत होतं. ती बाजेवरून ओरडली, "आय, कनीक तूच मळलीवतीस! मी बगितलंय. आता दोघी गप बसा, पोरगं झोपंना!"

दोघी गप बसल्या. बाळानं तेवढ्यात एक शिंक दिली.

कोंडाजी हौशीरामच्या दुकानातून धावत आला आणि भिजलेला भाऊ, काळवंडलेली फळी आणि दोघी बायका बघून दारातच थबकला. त्याला दोघींकडून मिळून काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत नाही. ते त्यानं खाली मान घालून ऐकलं, कारण जावा एका बाजूनं बोलताहेत हे त्याला नवीन होतं आणि त्यात खंड पडू नये असं त्याला वाटत होतं. मग त्यानं फ्यूजची तार बदलली, शेगडी पुसून चुलीपाशी वाळत ठेवली. कस्तुराबाईला वाटलं, शेगडी कामातून गेली. अंबाजी म्हणाला, "न्हाई जायची. मेमच्या मुलखात बाराही म्हैने पाऊस पडतो म्हनं. त्यांनी इचार करूनच केली असंल." आणि दुसऱ्या दिवशी शेगडी खरोखर लागली.

आता ती ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. करपलेल्या फळ्या तर काढाव्याच लागल्या. त्या खिंडारात शेगडी ठेवली तर दोन्हीकडे ऊब जाईल, असा कोंडाजीचा हिशेब. पण ती परात. तिचं तोंड जिकडे, तिकडेच ऊब; पाठ गार. तोंड बाळाकडे केलं की अंबाजीचे गुडघे आखडायचे, अंबाजीकडे केलं की बाळ शिंकायचं. कस्तुराबाई तोंड इकडे फिरवायची, मग स्वतःच ओशाळून तिकडे फिरवायची. झुंबरबाई परत बाळाकडे करायची. शेगडीला दिवसभर निवांतपणा नाही.

अंबाजीनंच तोड काढली. तो आपलं घोंगडं घेऊन उठला, खिंडारातून पलीकडे गेला आणि बाजेच्या पायथ्याशी जाऊन बसला. शेगडीचं तोंड बाळाकडे, अंबाजी बाजूला, गुडघे उघडे.

"मला हितंच जेवाय वाढा," त्यानं जाहीर केलं.

नवरा पलीकडे बसला म्हटल्यावर झुंबरबाईला ताट घेऊन पलीकडे जावं लागलं. ती उंबऱ्यावर थांबायची तशी खिंडारापाशी थांबली. कस्तुराबाईनं वर बघितलं नाही. नुसता पाट सरकवला आणि म्हणाली, "या, बाई. गारठ्यात कशाला हुब्या?"

झुंबरबाई आत गेली. तिनं ताट ठेवलं, आणि बाळाला उचललं. बाळानं तिच्याकडे बघून मोठ्यानं भोकाड पसरलं. "बगा," ती सगळ्यांना म्हणाली, "आवाज कुनाचा हाय!"

त्यानंतर दोघी गोडीनं राहू लागल्या असं मात्र कोणी समजू नये. त्या रोज भांडायच्या. बाळाला तेल किती चोपडायचं, वेखंड उगाळायचं की नाही, शेगडी किती लांब ठेवायची, यावर आळीला ऐकू जाईल असं भांडण व्हायचं. पण ते तोंडासमोर व्हायचं, आणि दोघींचे आवाज चढलेले असायचे. आळीला हायसं वाटलं. उंबऱ्यावरची पातेली बंद झाली, तेव्हा दोघे भाऊ हळहळले.

भाद्रपदात पाऊस ओसरला आणि नंदाबाईला न्यायला तळेगावहून माणूस आला. सगळे स्टेशनवर पोचवायला गेले. अंबाजीसुद्धा चालत गेला, काठी टेकत, पण चालत. गाडी आली. नंदाबाई डब्यात चढली. बाळ आधी कस्तुराबाईकडे होतं, मग झुंबरबाईकडे आलं, आणि शिट्टी झाली तरी झुंबरबाई ते देईना. शेवटी गार्डनं हटकलं. ती गार्डवरच डाफरली, "झेंडा हालवायची येवढी घाई कशाला? मुंबई काय पळून चाललीया?" गाडी तळेगावकडे निघाली होती, मुंबईकडे नाही, पण तिनं बाळ खिडकीतून आत देईपर्यंत गार्डनं झेंडा खालीच धरला.

गाडी गेली. भाऊ दोघे नेहमीसारखे हौशीरामकडे वळले. तेवढ्यात एक सर आली. छत्री एकच होती, कस्तुराबाईची. दोघी तिच्याखाली घुसल्या आणि घराकडे चालू लागल्या. बाजाराच्या वळणावर कस्तुराबाई म्हणाली, "डावीकडनं जाऊ, चिखल कमी हाय." झुंबरबाई म्हणाली, "उजवीकडनं जवळ पडतं." दोघी वळणावर उभ्या राहून मोठमोठ्यानं वाद घालत राहिल्या. सर थांबली, ऊन पडलं, तरी त्या छत्री उघडी धरून तिथंच उभ्या होत्या.